हात न लावता मासे धरण्याची विद्या

मासे धरायला मी एका पुस्तिकेमुळे लागलो. ओतूरच्या कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराला एका निवृत्त साहेबांनी बंगला आवरताना दोन पोती पुस्तकं आमच्या ग्रंथालयाला भेट दिली. भेट म्हटल्यावर हार आला, नारळ आला, फोटोग्राफर आला आणि 'ज्ञानदान' या विषयावर तीन भाषणं झाली. पोती सोडली तेव्हा आत जुनी पंचांगं, टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या आणि एका मिक्सरचं माहितीपत्रक निघालं. वाचण्यासारखी एकच गोष्ट होती: किनाऱ्यावर उभं राहून मासे कसे धरावेत, याची नवशिक्यांसाठी लिहिलेली इंग्रजी पुस्तिका. मुखपृष्ठावर एक गोरा माणूस गुडघाभर समुद्रात उभा राहून हसत होता. मासे धरणं आनंदाचं असतं अशी माझी समजूत त्या हसण्यामुळे झाली.

आमच्या भागाला समुद्र नाही, ही अडचण मला जाणवली नाही. फार वाचणाऱ्याला अशा अडचणी उशिरा जाणवतात. मी पुण्याला जाऊन रीळ लावलेला गळ घेऊन आलो. दुकानदाराने विचारलं, "कुठे धरणार?" मी म्हटलं, "डिंभ्याच्या धरणावर." त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि पावती फाडली.

माझी सासुरवाडी महाळुंगे पडवळची. सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. मासे धरण्यात त्यांच्या तोडीचा माणूस पंचक्रोशीत नव्हता, हे लग्नाआधी मला चार वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं होतं, आणि चौघांनीही सांगताना आवाज खाली केला होता. त्याचं कारण मला लग्नानंतर कळलं. मामा घोड नदीला गळ घेऊन जात, तेव्हा खिशात एक चपटी बाटली असे. मासा लागला तर आनंदाने आणि न लागला तर दुःखाने ती रिकामी होई. चाळीस वर्षं असं चाललं. शेवटी एकदा मामी सकाळी शोधायला गेल्या, तेव्हा मामा नदीच्या काठावर पालथे पडलेले सापडले. तोंड पाण्यापासून वीतभर लांब होतं. तिथून उठवून आणल्यावर आठ दिवसांत मामींनी त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ घालायला लावली. माळ घातली की दारू बंद, मटण-मासे बंद आणि अर्थात मासे धरणंही बंद. बांबूचा जुना गळ मामींनी स्वतःच्या हाताने चुलीत घातला. मी पुण्याहून नवा आणला, तेव्हा या गोष्टीला दोन वर्षं झाली होती.

तो गळ घेऊन मी शनिवारी संध्याकाळी सासुरवाडीच्या अंगणात उतरलो. मामा ओट्यावर बसले होते. त्यांनी गळाकडे पाहिलं, रिळाकडे पाहिलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसले.

"काय हाय ह्ये?" त्यांनी विचारलं.

"गळ आहे मामा. फिरकीचा."

"फिरकी उलटी बसवलीय," मामा म्हणाले.

मामी आतून बाहेर आल्या. त्यांनी गळ उचलला, गोठ्यात नेऊन म्हशीमागच्या कोपऱ्यात उभा केला आणि मला खुणेने मागे बोलावलं.

"पावणं, तुमी शिकलेलं. तुमाला काय छंद करायचा तो करा. पन त्यांच्या हातात ह्यो गळ आला ना, तर त्याच्यामागनं दुसरं काय येतंय ते मला ठावं हाय. म्या चाळीस वर्सं बघितलंय."

"मी त्यांना हात लावू देणार नाही," मी म्हणालो.

"शब्द?"

"शब्द."

मामांना शिकवायची इतकी हौस होती की ते रात्रभर झोपले नसावेत. सकाळी उठल्याबरोबर त्यांनी मला गावातल्या बुवांकडे नेलं. त्यांच्या गळ्यात माळ याच बुवांनी घातली होती. प्रश्न सरळ होता: माळकऱ्याने जावयाला मासे धरायला तोंडी शिकवलं तर चालतं का? त्याचं उत्तर पाऊण तास चाललं. त्यात समुद्रमंथन आलं, मत्स्यावतार आला, मन हाच मासा आणि वासना हेच आमिष असंही आलं. समोर ऐकणारे दोघंच असले तरी बुवांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा होता. अखेर निकाल लागला: हाताने दोष, तोंडाने नाही. उठताना बुवांनी मला हळूच विचारलं, "धरणातल्या माशाला काटं लई असत्यात म्हनं, खरं का?" माझं आजवर असं मत आहे की बुवांनी तो प्रश्न केवळ ज्ञान म्हणून विचारला.

मग खळ्यात माझा फेकण्याचा सराव सुरू झाला. मामांनी काट्याऐवजी दोऱ्याच्या टोकाला एक लोखंडी नट बांधायला लावला. गळाच्या नायलॉनच्या दोऱ्याला ते तंगूस म्हणत आणि तो शब्द प्रेमाने उच्चारत. स्वतः ते पाच पावलं लांब, हात पाठीमागे बांधून, परेडची पाहणी करणाऱ्या साहेबासारखे उभे राहिले.

"मनगटानं न्हाई! खांद्यानं बी न्हाई! कोपर अंगाला ठिवा. दगड मारताय का आंब्याला?"

पुस्तिकेत फेकण्याचे सहा टप्पे आणि सहा आकृत्या होत्या. मी त्या क्रमाने करत होतो. दुसरा टप्पा होईपर्यंत नट माझ्या पाठीवर आपटायचा.

"ती चोपडी खाली ठिवा," मामा म्हणाले. "हिकडं बघा. फेकायचंच न्हाई मुळी. सोडायचं. दोरा बोटाखाली दाबून धरायचा, गळ मागं न्यायचा, पुढं आनायचा, आन् गळ डोळ्याम्होरं आला का बोट उचलायचं. बास. बोट लवकर उचललं तर आभाळात जातंय, उशिरा उचललं तर पायाशी पडतंय. नजर गळावर न्हाई, जिथं पाडायचं तिथं."

मी बोट लवकर उचललं. नट उंच गेला, शेजारच्या कौलांवरून पार झाला आणि टीव्हीच्या अँटिन्याला तीन वेढे घालून बसला. रविवार सकाळची वेळ होती. शेजारच्या घरात मालिका बघायला निम्मी आळी जमली होती. आतून एकच ओरडा झाला, "गेलं! चित्र गेलं!"

मी घाबरून तंगूस ओढला. अँटिना कलला.

"आलं! आलं!" आतून आवाज आला. मग शेजारी धावत बाहेर आला, त्याने तंगूस पाहिला, माझ्यापर्यंत नजर आणली आणि दोन्ही हात वर केले. "पावणं, तसंच ऱ्हावा! हलू नगा! असं चित्र दोन वर्सात न्हाई आलं राव!"

मालिका संपेपर्यंत मी गळ ताणून उभा होतो. मध्ये जाहिराती लागल्या तेव्हा एका बाईने चहा आणून दिला, तो मी डाव्या हाताने प्यालो. मामा खळ्याच्या कडेला बसून होते. ते म्हणाले, "ताण बरा धरलाय. मोठा मासा लागला का असाच धरायचा." धरणावर न जाता मिळालेला हा माझा पहिला उपयोगी धडा.

पुढच्या तीन रविवारांत नट खळ्यात मांडलेल्या घमेल्यात पडायला लागला. मग आमिषाचा विषय निघाला. पुस्तिकेत कोळंबी, शिंपल्यातलं मांस आणि समुद्रातल्या एका जातीच्या किड्याची शिफारस होती. शिवाय भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जावं, असंही ठळक अक्षरात लिहिलं होतं. मी ते मामांना मराठीत सांगितलं.

"आपल्याकडची ओहोटी पाटबंधारेवालं आनत्यात," मामा म्हणाले. "कालव्याला पानी सोडलं का ओहोटी. त्यांचं येळापत्रक त्यांनाच ठावं न्हाई. तुमी आमिषाचं ऐका."

आमिषाची दोन शास्त्रं होती. पहिलं गांडुळाचं. उकिरड्याच्या ओल्या बाजूला खणायचं, गांडूळ मातीतच ठेवायचं, उन्हात न्यायचं नाही. गळावर चढवताना लेंग्यात नाडी घालतात तसं सावकाश सरकवायचं, शेवटी बोटभर मोकळं लोंबू द्यायचं, म्हणजे ते हलतं. दुसरं शास्त्र कणकेचं. मोठा कटला गांडुळाकडे बघत नाही, त्याला कणीक लागते. कणीक, शेंगदाण्याची पेंड, काळं पडलेलं केळं आणि चिमूटभर हिंग. कानाच्या पाळीइतकी मऊ मळायची. कडक राहिली तर मासा थुंकतो आणि सैल झाली तर फेकतानाच उडून जाते.

आता कणीक मळणं हे हातात मोडतं की नाही, यावर मामांनी थोडा विचार केला आणि शेवटी मलाच मळायला बसवलं. दर मिनिटाला ते स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरत आणि माझ्या परातीकडे संशयाने बघत. मामी दारातून हे सगळं पाहत होत्या. "जल्मात कदी भाकरीचं पीठ बघितलं न्हाई," त्या म्हणाल्या, "आन् माशासाठी बघा!" बोलणं चेष्टेचं होतं, पण नजर मामांच्या हातांवरून हलत नव्हती.

आम्ही माझ्या मोपेडवर निघालो. मामा मागे बसले. गळ मी माझ्या पाठीला उभा बांधला होता, कारण तो मामांच्या हातात देता येत नव्हता. घोडेगावच्या चौकात एकाने हाक मारली, "अँटिना कुठं बसवायचाय भाऊ?" मामांनी मागे वळून त्याला जे उत्तर दिलं ते माळकऱ्याच्या तोंडी शोभणारं नव्हतं, पण बुवांनी तोंडाला मोकळीक दिलेली होती.

धरणाच्या फुगवट्याला पाणी नुकतंच उतरू लागलं होतं. काठाला गुडघाभर चिखल, पलीकडे डोंगर, मध्ये चकचकीत पाणी. मामा काठावर आले. पाच मिनिटं ते नुसते बघत राहिले. मग त्यांनी बोट न दाखवता, हनुवटीने दाखवलं.

"ती बुडालेली बाभूळ दिसतीय? तिच्या अलीकडं वीस हात. तिथं धरणात बुडालेल्या घरांची जोती हायेत, पान्याखाली. मासा भिंतीच्या आडोशाला बसतोय. वारा पाठीवर घ्या. आधी नुसते चार गोळे टाका. पावणचार आधी, मग सोयरिकीचा विषय."

मी चार गोळे टाकले. अर्ध्या तासाने गळावर गोळा चढवला, बोटाखाली दोरा धरला, बाभळीच्या अलीकडे नजर लावली आणि बोट उचललं. आमिष सरळ गेलं आणि बरोब्बर वीस हात अलीकडे पडलं. मी मामांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. असा शिष्याचा अभिमान मला पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेतसुद्धा बघायला मिळालेला नाही.

दुपारपर्यंत दोन चिलापी लागल्या, तळहाताएवढ्या. मामा काखेत हात घालून काठावर येरझाऱ्या घालत होते. "हात काखेतच ऱ्हाऊ द्या," मी म्हणायचो. "काखेतच हायेत," ते म्हणायचे. मग तीनच्या सुमाराला तंगुसाला तरंगण्यासाठी बांधलेला थर्मोकोलचा तुकडा पाण्यावर एकदा थरथरला, आडवा झाला आणि सरळ खाली गेला.

"थांबा," मामा कुजबुजले. "थांबा... थांबा... आता!"

मी गळ उचलला आणि दुसऱ्या टोकाला कुणीतरी म्हैस बांधल्यासारखं वाटलं. रीळ किंचाळायला लागलं.

"वढू नगा! पळू द्या त्याला! दमू द्या! ताण सोडू नगा! अँटिना आठवा!"

मी अँटिना आठवला. मासा डावीकडे गेला, मी डावीकडे गेलो. काठाचा चिखल निसरडा होता, मी पाण्याकडे घसरू लागलो. घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत, गुडघ्यापर्यंत. तेवढ्यात मागून माझ्या कमरेचा पट्टा कुणीतरी घट्ट पकडला.

"मामा! हात!"

"ह्यो पट्टा हाय! जावयाला धरलंय म्या, गळाला न्हाई! उजवीकडं चला!"

आणि त्यांनी मला उजवीकडे नेलं. मी गेलो असं म्हणता येणार नाही. त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं गळ माझ्या हातात होता आणि मी मामांच्या. ते मला वाकवत, उभं करत, मागे खेचत, पुढे सोडत. पट्ट्याला दोन हिसके म्हणजे गुंडाळ, एक हिसका म्हणजे सोड, हे मला आपोआप कळायला लागलं. आयुष्यात इतक्या चांगल्या माणसाच्या हातात मी क्वचितच असेन.

मासा दमला. उथळ पाण्यात त्याची पाठ दिसली, काळसर, रुंद, पाटासारखी. कटला होता. मामांच्या तोंडून "आईगं" एवढंच निघालं आणि बघायच्या नादात त्यांनी माझा पट्टा सोडला. मी मागे चिखलात बसलो, गळाला झटका बसला आणि मी पुस्तिकेतल्या आकृतीप्रमाणे बांधलेली काट्याची गाठ सुटली.

मासा गेला नाही. त्याच्यात त्राण नव्हतं. तो वीतभर पाण्यात आडवा होऊन, कल्ले उघडझाप करत, मामांच्या पायाशी पडला होता. मामांनी दोन्ही हात डोक्याच्या वर केले. पोलिसांनी बंदूक रोखल्यावर करतात तसे. आणि तसेच उभे राहिले.

मला उठता येईना. दोन्ही पाय चिखलात रुतले होते. आणि मग मी जे केलं ते सांगायला हवं. मी ओरडलो, "मामा, पायाने ढकला! काठावर ढकला! बुवा हाताचं बोलले, पायाचं नाही!"

शब्द दिलेला माणूस मी होतो.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग माशाकडे पाहिलं. त्यांचा उजवा पाय पाण्यातून वर आला. अंगठा माशाच्या पोटापासून चार बोटं लांब होता. इतका वेळ मी कुणाचा पाय बघत बसलेलो नाही. मग तो पाय हळूच मागे गेला आणि चिखलात टेकला.

"जा," मामा माशाला म्हणाले. "माजी वाट बघू नगंस."

माशाने शेपटी एकदा हलवली, सरळ झाला आणि गढूळ पाण्यात दिसेनासा झाला.

मला चिखलातून उपसून काढल्यावर आम्ही बांधावर बसलो. मामा म्हणाले, "पावणं, पाय उचलला ना म्या, तवा तोंडाला पानी सुटलं. ते माशासाठी नव्हतं." मी गळ उचलून पाठीला बांधला.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. मामी दारातच उभ्या होत्या. चिखलाने माखलेल्या जावयाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्या मामांच्या अगदी जवळ गेल्या, त्यांचे दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले, मग नाकाशी नेले. मामा शाळेतल्या पोरासारखे हात पुढे करून उभे होते. तळव्यांना चिखलाशिवाय कसलाच वास नव्हता.

"सांगा," मामी मला म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. पट्ट्याचं सांगितलं, पायाचं सांगितलं, माझ्या ओरडण्याचंही सांगितलं. मामींचा चेहरा कठीण होत गेला.

"तुमी? तुमी सांगितलं ढकला म्हनून?"

"हो."

"शिकून आसलं डोकं व्हतं का?"

"हो," मी म्हणालो.

मामी दाराच्या चौकटीला टेकल्या. मग त्यांनी मामांना विचारलं, "आन् तुमी सोडला?"

"सोडला."

"केवढा व्हता?"

मामांनी हात फाकवले. नेहमी फाकवत असतील त्याहून थोडे कमीच.

मामी त्या दोन हातांमधल्या जागेकडे बघत राहिल्या. "चाळीस वर्सं ह्ये धरलेल्या माशाचं वजन वाढवून सांगायचं," त्या मला म्हणाल्या. "सोडलेल्याचं खरं आसंल."

"सात किलो व्हता," मामा म्हणाले.

"पाच."

"सात! पावण्यांना इचारा."

"पावण्यांचं काय बोलूच नगा. पाच म्हंजी पाच. सातचा आसता तर पावणं पान्यात गेलं आसतं."

"पट्टा कुनी धरला व्हता?"

मामांच्या गळ्यातली माळ ते गेले तेव्हाही गळ्यातच होती. त्या दिवसानंतर आणखी अकरा वर्षं ती तिथे राहिली. पण हे त्या संध्याकाळी तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. चिलापी मामींनी म्हशीमागे तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या मडक्यात, माझ्यासाठी रांधल्या, आणि मी गोठ्यात एकटा बसून जेवलो. ओट्यावर पिठलं-भाकरी चालली होती. मध्येच मामींचा आवाज चढला, "बरं, सहा!" आणि मामा म्हणाले, "सहाच्या खाली म्या येनार न्हाई."